रीफ टँकची वाळू काढायची? काढा, पण एका रविवारात नको

प्रश्न : नमस्कार दादा, माझा २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा छोटा रीफ टँक (कोरलसकट खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, अडीच वर्षं झाली. दोन क्लाऊनफिश, एक सिक्सलाइन रास, एक पिवळा वॉचमन गोबी एवढे मासे, आणि थोडे झोआ, मशरूम आणि एक हॅमर एवढे कोरल आहेत. खाली २ इंच वाळू आहे. काचेच्या कडेने वाळूत काळे पट्टे दिसायला लागलेत आणि वर लाल बुळबुळीत थर येतो, काढला की चार दिवसांत परत हजर. नायट्रेट ४० च्या खाली येत नाही, फॉस्फेट ०.३. ज्यांच्याकडून मासे घेतो ते म्हणतात सगळी वाळू एका झटक्यात काढून टाका, कटकट संपेल. टँक ठेवणारा एक मित्र म्हणतो हात लावलास तर टँक क्रॅश झालाच, म्हणजे सगळं मेलंच समज. काय करू? पाणी गार ठेवणारा चिलर आहे, पण हॉलमध्ये एसी नाही.
– एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. वाळू काढली म्हणून टँक क्रॅश होत नाही आणि वाळू काढली म्हणून कटकट संपते असंही नाही. टँक क्रॅश होतो तो वाळू कशी काढली त्यामुळे, म्हणजे कोणीतरी रविवारी सकाळी बाही सरसावून टमरेलाने भसाभसा उपसायला घेतो, पाण्याचं ताक होतं, आणि रात्री मासे वर येऊन तोंड मारायला लागतात.

आधी बॅक्टेरियाची भीती काढून टाका. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फक्त वाळूत राहत नाहीत, ते दगडावर, दगडाच्या भोकांत, काचेवर, पंपाच्या आत, सगळीकडे असतात. तुमच्याकडे रॉक किती किलो आहे ते लिहिलं नाहीत, पण २ फुटी टँकमध्ये सात-आठ किलो चांगला भोकाभोकांचा रॉक असेल तर दोन क्लाऊन, एक रास आणि एक गोबी एवढ्यांचा भार तो आरामात पेलतो. मित्र ज्या क्रॅशबद्दल बोलतोय तो बॅक्टेरिया कमी पडल्यामुळे क्वचितच होतो, वाळूत दडलेलं सगळं एकदम पाण्यात आल्यामुळे होतो.

काय दडलंय ते बघायचं असेल तर रात्री लाइट बंद झाल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेला तिरका लावून खालच्या २ इंचांकडे नीट बघा. वरचा बोटभर थर पांढरट, तिथे पाणी खेळतं, ऑक्सिजन पोचतो. त्याखाली तपकिरी, मऊ गाळ भरलेला, मधे मधे टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे अडकलेले. आणि सगळ्यात खाली राखाडी-काळं. काचेला लागून हिरव्या किंवा जांभळट रेघा दिसल्या तर घाबरू नका, बाहेरच्या उजेडावर वाढलेलं शेवाळ आणि बॅक्टेरिया असतात ते. काळा भाग मात्र लक्षात ठेवा. जिथे ऑक्सिजन संपतो तिथले बॅक्टेरिया पाण्यातलं सल्फेट वापरायला लागतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो लोहाशी जुळून हा काळा रंग येतो. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. जागच्या जागी तो कोणाला त्रास देत नाही, ढवळला की देतो, कारण माशांना हा वायू अगदी थोडाही विषारी असतो आणि शिवाय पाण्यात मिसळला की तिथला ऑक्सिजन खातो. त्याच्या जोडीला गाळातला अमोनियाही सुटतो, आणि रीफ टँकचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे जास्त बाधतो.

आता वाळू खरंच गुन्हेगार आहे का? माझं मत स्पष्ट सांगतो, निम्मीच. वाळू म्हणजे घरातला माळा, जे वर टाकाल ते तिथे जाऊन बसतं आणि दिसत नाही म्हणून कोणी काढत नाही. पण टाकलं कोणी? नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.३ म्हणजे खाणं जास्त पडतंय किंवा घाण बाहेर निघत नाहीये, बहुतेक दोन्ही. फ्रोझन खाणं देत असाल तर क्यूब तसाच टाकता की आधी गाळणीत वितळवून त्याचं पाणी ओतून देता? तो लाल थर सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे शेवाळ नाहीच, आणि तो बसतो तो जिथे प्रवाह मंद आणि खत भरपूर तिथे. वाळू काढली की त्याची बसायची जागा जाते, पण वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) जर अजूनही वरच्या वर पाणी फिरवत असेल तर महिन्याभरात तो दगडावर दिसेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल. तेव्हा पहिलं काम आजच करा, वेव्हमेकरचा कोन बदला, पाण्याचा झोत समोरच्या काचेवर आपटून खाली वळला पाहिजे. झोत सरळ हॅमरवर मारू नका, तो मिटून बसेल.

एवढं सांगूनही तुमच्या केसमध्ये मी वाळू काढाच म्हणेन. अडीच वर्षं न हललेली २ इंच वाळू ही सगळ्यात गैरसोयीची जाडी आहे. नायट्रेट मोडणाऱ्या बॅक्टेरियांसाठी मुद्दाम जाड थर ठेवणारे लोक ४ इंच आणि त्याहून जास्त ठेवतात, आणि नुसती शोभा हवी असणारे अर्धा इंच ठेवतात जी दर आठवड्याला साफ करता येते, तुमची मधली ना इकडची ना तिकडची. आणि २ फुटी टँकमध्ये ४ इंच वाळू भरली तर माशांना उरतं काय.

फक्त गोबीचा विचार आधी करा. क्लाऊनला वाळूशी देणंघेणं नाही, सिक्सलाइन रात्री दगडाच्या फटीत स्वतःभोवती चिकट कोष करून झोपतो, त्यालाही नाही. (ज्यांच्याकडे हॅलिकोरस जातीचे रास आहेत त्यांनी मात्र हे वाचून वाळू काढायला घेऊ नये, ते रात्री वाळूत शिरूनच झोपतात.) वॉचमन गोबी वाळूत बीळ करणारा मासा आहे. दगडाखाली गुहा असली तर तो चालवून घेतो, पण मला विचाराल तर एक पसरट फूड-ग्रेड प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण फेकून द्या, त्यात २ इंच नवीन धुतलेली वाळू आणि थोडे रॉकचे तुकडे टाका आणि तो आत्ता जिथे राहतो त्याच्या शेजारी दगडाला टेकवून ठेवा. हे काम वाळू काढायच्या आधी करा, म्हणजे त्याला घर बदलायला वेळ मिळेल. डबा दर दोन-तीन महिन्यांनी उचलून साफ करता येतो, हाच त्याचा फायदा. नासारियस गोगलगायी असतील तर त्याही वाळूतल्याच, त्या या डब्यात राहतील किंवा कोणाला तरी देऊन टाका.

दुसरी गोष्ट दगड. कबाबची बांबूची काडी घ्या आणि प्रत्येक मोठ्या दगडाच्या कडेने वाळूत हळूच खुपसून बघा, दगड खालच्या काचेवर टेकलाय की वाळूवर बसलाय. काचेवर टेकला असेल तर निवांत. वाळूवर बसला असेल तर खालची वाळू ओढली की तो झुकणार, आणि पाच किलोचा दगड समोरच्या काचेवर आला तर पुढचं मी लिहीत नाही, तुमच्या खालच्या मजल्यावाले लिहितील. असे दगड शेवटच्या फेरीला ठेवा, तेव्हा एकाने दगड धरायचा आणि दुसऱ्याने पाइप, एकट्याने करायचं नाही. हातमोजे घालाच. झोआ आणि त्यांच्या भावकीतल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं, बोटाला चीर असेल किंवा पाणी डोळ्यात उडालं तर हॉस्पिटल गाठावं लागतं. त्याच कारणासाठी झोआ असलेला दगड कधी उकळू नका, ब्रशने घासू नका, आणि पाइप तोंडाने ओढून चालू करू नका. पाइप टाकीत पूर्ण बुडवून भरून घ्या, एका टोकाला अंगठा लावा, ते टोक बादलीत न्या, अंगठा सोडा, झालं.

आता पाण्याचा हिशोब, कारण लहान टँकमध्ये खरी मर्यादा तीच आहे. तुमच्या मापाने टाकी ७० लिटरची, पण दगड आणि वाळू वजा केली की खरं पाणी ५० लिटरच्या आसपास. एका वेळी १० ते १२ लिटर बदललं तर वीस ते चोवीस टक्के होतं, कोरल तेवढं सहन करतात. म्हणजे एका फेरीत एक बादली, आणि त्या बादलीबरोबर जेवढी वाळू आली तेवढीच. वाळू किती काढायची ते बादली ठरवते, तुमचा उत्साह नाही. साधारण एक चतुर्थांश निघते. मग आठ-दहा दिवस थांबायचं आणि पुढची पट्टी. चार फेऱ्या, सव्वा महिना धरून चाला.

पाइप अर्धा इंची पारदर्शक घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. गवंडी लोक वापरतात तो लेव्हलचा पाइप बहुतेक वेळा बारीक पडतो आणि खड्यांनी तुंबतो. पाऊण इंची घेतलात तर वाळू मस्त ओढतो पण बादली इतक्या झपाट्याने भरते की तुम्ही अजून पहिल्याच कोपऱ्यात असता. अर्ध्या इंचीत बादलीच्या टोकाला पाइप चिमटीत दाबून वेग कमी-जास्त करता येतो. सगळी मजा या चिमटीतच आहे, पाइपचं तोंड वाळूत काचेपर्यंत खुपसायचं, चिमूट सोडायची, वाळूचा खांब सरसर वर चढताना दिसतो, गाळ त्याच्या पुढे पळतो, पुरेशी आली की चिमूट दाबायची, पाइप दोन बोटं बाजूला, परत खुपसायचा. पाण्यात ढग उठला तर तुम्ही घाई करताय. काळा भाग आला की तिथे पाइप फिरवायचा नाही, सरळ खाली खुपसून त्या जागेवरच सगळा ओढून घ्यायचा म्हणजे काळं पाणी टाकीत न पसरता थेट बादलीत जातं. बादली बाल्कनीत किंवा मोरीत, हॉलमध्ये नको, वास खरंच येतो.

एका टोकाकडून पट्टी-पट्टीने जा, इथे थोडं तिथे थोडं असं करू नका. उघडी काच आणि उरलेली वाळू यांच्यामधला काठ ढासळत राहतो, ढासळू द्या, पुढच्या वेळी तोच आधी.

नवीन पाणी आदल्या रात्रीच बनवून ठेवा, आरओचं पाणी, १० लिटरला साधारण ३६०-३७० ग्रॅम सॉल्ट, पण ब्रँडप्रमाणे फरक पडतो म्हणून वजनावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) टाकीइतकंच आलं पाहिजे, ३५ पीपीटी म्हणजे १.०२६ च्या आसपास. एक छोटा पंप त्यात रात्रभर फिरत राहू दे. आणि हो, काढलं तेवढंच पाणी भरलंत तर पातळी खाली राहील, कारण वाळूनेही जागा अडवलेली होती. तुमच्या टाकीत पूर्ण वाळू निघाली की जवळपास ५ लिटर पाणी जास्त लागेल. ते खारंच घाला. इथे बरेच जण रोजच्या टॉपअपचं, म्हणजे वाफ होऊन उडालेलं भरून काढायचं आरओ पाणी ओततात आणि मग खारटपणा घसरला म्हणून डोकं धरून बसतात.

वेळ सकाळची धरा, लाइट लागून तास-दोन तास झाल्यावर, म्हणजे कोरलमधल्या शेवाळाने ऑक्सिजन सोडायला सुरुवात केलेली असते आणि दिवसभर तुम्हाला टाकीवर नजर ठेवता येते. ऑफिसहून येऊन रात्री नऊला सुरू करू नका, रात्री टाकीतला ऑक्सिजन तसाही कमी असतो. चिलर चालूच ठेवा. २५ अंशाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला ६.२, ऐकायला फरक छोटा वाटतो पण ज्या दिवशी गाळ उठलाय त्या दिवशी तोच कामाला येतो. जोडीला एअर पंप लावा, बॅटरीवरचा असेल तर उत्तम, मेंटेनन्ससाठी लाइट जाणार असा मेसेज आला असेल तर त्या दिवशी वाळूला हात लावायचा नाही.

काम झालं की नवीन कार्बन, नवीन फिल्टर फ्लॉस, आणि फ्लॉस त्याच संध्याकाळी बदला, दुसऱ्या दिवशी नाही, घाण अडकून तिथेच राहिली तर उपयोग काय. अमोनिया त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी तपासा. शून्य असेल तर पुढची फेरी ठरल्याप्रमाणे. थोडा जरी दिसला तर खाणं बंद, परत १० लिटर पाणी बदला आणि पुढची फेरी आठवडाभर ढकला. बाटलीतले बॅक्टेरिया घ्यावेत का असं तुम्ही विचारलं नाहीत पण दुकानात नक्की पुढे करतील. घेतलेत तर नुकसान नाही, न घेता काम अडत नाही.

शेवटची वाळू निघाल्यावर दोन-तीन गोष्टी विचित्र वाटतील. एक म्हणजे टाकी खाली थर्माकोलवर ठेवली असेल तर काचेतून तो पांढरा दाणेदार थर्माकोल दिसायला लागतो. दिसू दे, काही महिन्यांत काचेवर जांभळी कोरलाइन (एक कडक शेवाळ) चढते आणि तो झाकला जातो. दुसरं, क्लाऊन स्वतःच्या प्रतिबिंबावर चाल करून जाईल, ते दोन-चार दिवसांत निवतं. तिसरं, पांढरी वाळू खालून उजेड परत वर फेकत होती तो आता नाही, म्हणून खालचे मशरूम थोडे वेगळे दिसतील. लाइट लगेच वाढवू नका. वेव्हमेकर मात्र आता बिनधास्त वाढवता येतो, वाळू उडायची भीती गेली, फक्त हॅमर सांभाळा. आणि दर पाणी बदलताना जिथे गाळाची ढिगोळी जमते तिथे पाइप लावा, बेअर बॉटमचा, म्हणजे बिनवाळूच्या तळाचा, अख्खा फायदा तेवढाच आहे, गाळ दिसतो आणि काढता येतो. तो काढणार नसाल तर हा सगळा खटाटोप करू नका.

फॉस्फेट लगेच ०.०५ वर येईल अशी अपेक्षा नको. अरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू आणि रॉक दोन्ही फॉस्फेट धरून ठेवतात, पाण्यातलं कमी झालं की रॉक हळूहळू सोडत राहतो. फॉस्फेट रिमूव्हर भरभरून टाकून ते एका आठवड्यात पाडायला जाऊ नका, का ते खालच्या तिसऱ्या पत्रात येतंय.

निघालेली वाळू मोरीत ओतू नका, सोसायटीचा पाइप तुंबला की प्लंबर तुमच्याच दारात येणार. बादलीतलं पाणी वरच्या वर ओतून द्या, वाळू साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, गच्चीवर उन्हात वाळवा आणि पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. तुळशीच्या कुंडीत नको, खार उरलेला असतो. समुद्रातही नेऊन टाकू नका, त्यात कुठल्या देशातले जीवजंतू आलेत कोणाला माहीत.

प्रश्न : अरागोनाइट वाळूचे भाव बघून घाम फुटतो. आमच्या घरापासून चौपाटी पाच मिनिटांवर आहे. तिथली वाळू नीट धुऊन, उकळून वापरली तर काय बिघडलं? समुद्राचीच तर आहे.
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : नका वापरू. समुद्राची आहे हे खरं, पण कुठल्या समुद्राची? गणपती विसर्जनाचं प्लास्टर आणि रंग, नाल्यांचं पाणी, बोटींचं तेल, भेळेच्या प्लेटा, हे सगळं पचवलेली वाळू आहे ती. उकळून जंतू मरतात, तेल आणि धातू मरत नाहीत. शिवाय ती वाळू रीफच्या कामाची नाहीच. अरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपले आणि कोरलचा चुरा. आपल्या कोकणपट्टीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो पण त्याच्या जोडीला दगडाचे कण आणि लोह असलेले काळे कण असतात. खात्री करायची तर फ्रिजवरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा, काय काय चिकटतं ते बघा. आणि किनाऱ्यावरची वाळू उपसण्यावर सीआरझेडचे (किनारपट्टीसाठीच्या सरकारी नियमांचे) निर्बंध आहेत, हेही आहेच.

पैसे वाचवायचे तर वाळू कमी घाला. १ सेंटिमीटरचा थर पुरतो, १ ते २ मिलिमीटरचा दाणा घ्या, अगदी पिठासारखी बारीक घेतलीत तर पंप लावला की टाकीत वावटळ. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत सुटी वाळू मिळाली तर घेण्याआधी चिमूटभर घरी आणा आणि तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसून जवळजवळ सगळी विरघळली तर कार्बोनेट, तळाला खडे तसेच राहिले तर ती साधी वाळू पांढऱ्या पिशवीत भरलेली.

प्रश्न : मी दोन महिन्यांपूर्वी सगळी वाळू काढली. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मी खूश. आता खालच्या काचेवर आणि दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे. रोज ओढून काढतो, दुपारपर्यंत परत. गोगलगायी मरायला लागल्यात.
– एक वाचक, बोरिवली पश्चिम

उत्तर : तुम्ही खूश होतात तिथेच गडबड आहे. रीफ टँकमध्ये शून्य-शून्य हा चांगला रिपोर्ट नसतो. वर्णनावरून हे डायनोफ्लॅजेलेट वाटतायत, ज्यांना सगळे डायनो म्हणतात. वाळूबरोबर तिच्यातले जीव गेले, गाळ गेला, वर तुम्ही फॉस्फेट रिमूव्हरही चालू ठेवला असणार, आणि बाकीच्या शेवाळाला, बॅक्टेरियाला खायला काही उरलं नाही तेव्हा जागा रिकामी बघून हे पसरले.

आधी खात्री करा. थोडे धागे टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, सगळं सुटं होऊ दे, मग ते पाणी टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी लाइटखाली ठेवा. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात परत धागे जमले तर डायनोच. घरात मुलांचा ४०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप असेल तर आणखी बरं, थेंबाच्या आकाराचे दाणे एका टोकाशी बांधल्यासारखे गरगर फिरताना दिसले तर ती ऑस्ट्रिऑप्सिस, ही विषारी असते, गोगलगायी मरतायत त्यावरून तीच असावी असा माझा अंदाज.

उपाय उलटा वाटेल. फॉस्फेट रिमूव्हर बाहेर काढा. पाणी बदलणं काही दिवस थांबवा. माशांना खाणं वाढवा, तेवढ्याने आकडे हलले नाहीत तर रीफसाठी मिळणारे नायट्रेट आणि फॉस्फेटचे डोस घाला, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ या पट्ट्यात येऊन टिकलं पाहिजे, पहिले काही दिवस फॉस्फेट रोज तपासा कारण घातलेलं रॉक शोषून घेतो आणि सकाळी परत शून्य दिसतं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री सुटी होऊन पाण्यात तरंगते, म्हणून तिच्यावर यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं यंत्र) चांगला चालतो, छोटा यूव्ही थेट टाकीत लावा, आणि पहिले तीन दिवस लाइट पूर्ण बंद ठेवलात तर जोर लवकर मोडतो. सॉफ्ट कोरलना तीन दिवसांचा अंधार सोसतो. कार्बन चालू ठेवा, विष तो धरतो. धागे ओढून काढत असाल तर पाणी फेकू नका, बारीक फिल्टर सॉकमधून (गाळायची पिशवी) गाळून परत टाकीत सोडा, नाहीतर रोज तुम्ही नकळत पाणीच बदलताय. काही दिवस हिरवं शेवाळ वाढेल. वाढू द्या, ते आल्याचा आनंद माना, ते स्थिरावलं की डायनोला जागा उरत नाही.

प्रश्न : वाळू काढून रॉक वाढवायचा विचार आहे. दिवाळीत मालवणला जाणार आहे, स्नॉर्कलिंग करताना चार तुकडे उचलून आणले तर चालेल ना?
– एक वाचक, दादर

उत्तर : चालणार नाही. कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेत, आणि मेलेला पांढरा तुकडाही त्यातच येतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्कलिंग जरूर करा, पाय कोरलवर ठेवू नका. रॉक वाढवायचाच तर ड्राय रॉक (सुका, जीव नसलेला) घ्या, वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात पंप लावून चार-सहा आठवडे ठेवा, अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की टाकीत घाला, आणि टाकीतल्या कोरलच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवा.